स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, बूटला मरते. आणि तेही फक्त सोमवारी!

लेबलवाला | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, दोन महिने झाले, डोकं चालेनासं झालंय. कोणाला काही सुचतंय का बघा.

रबाळे एमआयडीसीत माझ्या मामेभावाचा मसाल्याची पाकिटं भरायचा छोटा कारखाना आहे. माझा धंदा वेगळा, पण 'तू कॉम्प्युटरवाला ना' या न्यायाने तिथलं सगळं माझ्या गळ्यात. पॅकिंगच्या टेबलाशी एक जुना मिनी पीसी आहे, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार). सकाळी पीसी चालू झाला की एक बॅश स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) आपोआप चालायला हवी. ती गोदामाच्या सर्व्हरवरून त्या दिवसाच्या ऑर्डरींची फाइल कर्ल या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रामने एचटीटीपीएसवरून आणते, तिची लेबलं बनवते आणि प्रिंटरकडे ढकलते. त्यासाठी सिस्टमडीचं (बूटच्या वेळी सगळ्या सेवा उठवणारा प्रोग्राम) साधं युनिट आहे, म्हणजे 'काय, कधी चालवायचं' याची चिठ्ठी. टाइप वनशॉट (एकदा चालून संपणारं), एनेबल केलेलं.

मंगळवार ते शनिवार बिनबोभाट चालतं. सोमवारी लेबलं येत नाहीत. मग पॅकिंगवाले काका डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर टिचकी मारतात (तो आयकॉन हेच युनिट रीस्टार्ट करतो) आणि धडाधड लेबलं यायला लागतात. तीच स्क्रिप्ट, तेच युनिट!

मी ठाण्यात बसून दहा वेळा रीबूट मारून बघितलं. दहाही वेळा चाललं. लॉग बघावा म्हणून जर्नलसीटीएलला (सिस्टमडीच्या नोंदी दाखवणारी कमांड) युनिटचं नाव आणि 'सिन्स टुडे' दिलं, तर त्यात फक्त काकांनी टिचकी मारल्यानंतरच्या ओळी. बूटच्या वेळची एकही ओळ नाही, जणू स्क्रिप्ट सुरूच झाली नाही.

सोमवारी युनिट सुरूच का होत नसावं?

(कमांड देवनागरीत लिहिल्यात, मोबाइलवर कळफलक बदलायचा कंटाळा. समजून घ्या.)

कडीपत्ता | सोमवार, रात्री १०:२०

सोमवारी सकाळी मीही बूट होत नाही. हाताने हलवलं की चालतो. बायकोला विचारा.

पामबीच_प्रवासी | सोमवार, रात्री १०:२३

रुमाल टाकून ठेवतो.

निरुपमा_ऐरोली | सोमवार, रात्री १०:५१

'हाताने चालते, बूटला नाही' याचं माझ्या अनुभवातलं पहिलं कारण म्हणजे वातावरण. आपण टर्मिनल उघडतो तेव्हा आपल्या लॉगिनने आणि बॅशआरसी या सेटिंग फाइलने पाथ, होम, भाषा असं सगळं ताट वाढून ठेवलेलं असतं. सिस्टमडी स्क्रिप्टला जवळपास उपाशी सोडतो. माझी एक स्क्रिप्ट होम फोल्डरमधलं सेटिंग वाचायची आणि बूटला होम हे व्हेरिएबलच रिकामं असायचं. तीन दिवस घालवले होते.

घरबसल्या तपासायची युक्ती: 'एन्व्ह', मग 'वजा आय', मग स्क्रिप्टचं नाव. म्हणजे सगळं वातावरण पुसून स्क्रिप्ट चालते. इथे मेली तर बूटलाही मरणार.

दुसरं, पहिल्या ओळीत बॅश लिहिलंय की नुसतं एसएच? डेबियन-उबुंटूत एसएच म्हणजे डॅश, बॅशचा साधासुधा भाऊ. दुहेरी चौकटी कंस वापरले की तो 'नॉट फाउंड' म्हणून मोकळा होतो.

लेबलवाला | सोमवार, रात्री ११:०५

निरुपमाताई, पहिल्या ओळीत बॅशच आहे, पाथ सगळे पूर्ण दिलेत. एन्व्ह वजा आय करून आत्ताच बघितलं, चाललं. आणि वातावरणाचा घोळ असता तर मंगळवारीही मेली असती ना?

आगरी_पेंग्विन | मंगळवार, सकाळी ७:३८

युनिटमध्ये आफ्टर काय दिलंय? नुसतं 'नेटवर्क डॉट टार्गेट' असेल तर ते काही कामाचं नाही. त्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, एवढाच. पत्ता मिळाला का, तार जोडलीय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' हवं, आणि आफ्टरसोबत वॉन्ट्ससुद्धा हवं.

नवीन लोक हमखास इथे फसतात. आफ्टर म्हणजे 'मामा आला की मगच अंतरपाट धरा'. पण मामाला पत्रिकाच दिली नसेल तर? भटजी थांबत नाही, 'यादीत मामा नाही' म्हणून मंगलाष्टकं सुरू. पत्रिका देणं म्हणजे वॉन्ट्स. क्रम वेगळा, बोलावणं वेगळं. दोन्ही लिहायचं.

लेबलवाला | मंगळवार, सकाळी ९:१५

दोन्ही आहे, पेंग्विनदादा. मामाला पत्रिका दिलीय, मामा येतोसुद्धा. उदाहरण मात्र झकास.

जुगाडू_नाना | मंगळवार, सकाळी १०:०२

एवढं काय शास्त्र? स्क्रिप्टच्या वरती 'स्लीप ९०' (नव्वद सेकंद थांब) टाक आणि झोप. मीपण, पीसीपण.

निरुपमा_ऐरोली | मंगळवार, सकाळी १०:१०

नाना, ही तापावर क्रोसिन झाली. ताप कशाचा ते कळायला नको?

जुगाडू_नाना | मंगळवार, सकाळी १०:१४

ताई, पेशंट उठून कामाला लागला की डॉक्टरची फी वसूल.

साखरभात | मंगळवार, दुपारी १:३०

माझा किस्सा वेगळा, पण बूटचाच आहे. ऑफिसातल्या एका भल्या माणसाने माझी स्क्रिप्ट विंडोजवरच्या एका एडिटरमध्ये उघडून एक अंक बदलला आणि सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी सर्व्हर उठल्यावर युनिट लाल. '२०३ एक्झेक', खाली 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल डोळ्यांसमोर दिसतेय आणि हा म्हणतोय नाही! शेवटी 'कॅट वजा ए' केलं, तर प्रत्येक ओळीच्या शेपटाला टोपी आणि एम. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य अक्षर ठेवतं, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) 'बॅश अधिक ते अक्षर' अशा नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. म्हणजे जी फाइल नव्हती ती माझी स्क्रिप्ट नव्हे, ते नसलेलं बॅश.

जुनाट_युनिक्स | मंगळवार, रात्री ९:४४

जरा लांबण लावतो, म्हातारपणाची सवलत द्या.

आमच्या काळी सिस्टमडी नव्हतं. आरसी-तीन डॉट डी नावाच्या फोल्डरात एस-१०, एस-८५ अशी नावं असलेल्या दुव्यांची रांग असायची. एस म्हणजे सुरू, के म्हणजे ठार. नावांच्या क्रमाने एकामागून एक स्क्रिप्ट चालायची. एखादीने शेवटी अँपरसँड टाकायचा विसरून प्रोग्राम तसाच पुढ्यात चालू ठेवला की मागची सगळी रांग खोळंबली, दादरच्या पुलावर एक माणूस बुटाची नाडी बांधायला वाकावा तशी. लॉगिन प्रॉम्प्टच यायचा नाही. मग ग्रबमध्ये (बूटच्या आधी येणारी यादी) कर्नलच्या ओळीला 'इनिट बरोबर बिन-बॅश' जोडून आत शिरायचं. तिथेही रूट फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती लागलेली. 'रीमाउंट आरडब्ल्यू' करायला विसरलो म्हणून दुरुस्ती सेव्हच झाली नाही, असं माझं दोनदा झालंय.

पण सांगायची गोष्ट वेगळी. मी महापेला एका कंपनीत होतो. आमच्या एका सर्व्हरचा अपटाइम (एकदाही बंद न होता चालल्याचा काळ) ४०० दिवसांच्या वर गेला होता आणि आम्ही तो आल्यागेल्याला दाखवायचो, पहिलटकरणीने बाळ दाखवावं तसं. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. ठाणे-वाशी लोकल सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, ती बंद. आम्ही रात्रभर ऑफिसातच. लाइट गेली, जनरेटरचं डिझेल संपलं, यूपीएसने मान टाकली आणि ते ४०० दिवसांचं बाळ झोपलं.

लाइट आल्यावर चालू केलं तर आधी फाइलसिस्टमची तपासणी. ईएक्सटी-थ्री त्या काळी अमुक दिवसांत तपासणी झाली नसेल तर अडून बसायचं. ती तास-दीड तास चालली. मग सर्व्हर उठला, पण निम्म्या सेवा गायब. कारण? ४०० दिवसांत आम्ही जे जे राउट (नेटवर्कचा रस्ता), जे जे माउंट (डिस्कची जोडणी) हाताने टंकून 'हं, चालू झालं' म्हटलं होतं, त्यातलं काहीच स्टार्टअपच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नव्हतं. मशिनच्या मेमरीत होतं, मशिनबरोबर गेलं. ते सगळं आठवून आठवून परत उभं करायला दोन दिवस लागले. निम्मं तर ज्याने टंकलं होतं तो कंपनी सोडून गेला होता.

तेव्हापासून अपटाइमचा आकडा कोणी कौतुकाने दाखवला की मला पोटात खड्डा पडतो. तर लेबलवाल्या, तुझ्या सोमवारात आणि बाकीच्या दिवसांत फरक काय ते आधी शोध. स्क्रिप्ट नंतर बघ.

घणसोलीकर | मंगळवार, रात्री १०:२०

जुनाटकाका, जबरी!

आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीचं ऐका. रेकॉर्डिंगच्या पीसीला बाहेरची यूएसबी डिस्क. मी तिची ओळ एफएसटॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी) लिहिली आणि 'नोफेल' (नसली तरी पुढे जा) लिहायचं विसरलो. झाडणाऱ्या मावशींनी एकदा केबल ओढली. पुढच्या बूटला पडद्यावर लाल तारे इकडून तिकडे पळतायत, 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', आणि शेजारी सेकंद मोजणं चालू. बरोबर दीड मिनिट वाट बघितली आणि इमर्जन्सी मोड. तिथे म्हणतो रूटचा पासवर्ड द्या. रूट खातं तर कुलूपबंद! 'रूट अकाउंट इज लॉक्ड, एंटर दाबा'. एंटर दाबला की परत तेच. चेअरमन मागे उभे. शेवटी पेनड्राइव्हवरून बूट केलं. सगळं एका शब्दापायी.

कडीपत्ता | मंगळवार, रात्री १०:३१

म्हणून म्हणतो, सिस्टमडी नकोच. २०१० च्या आधी सुखात होतो.

आगरी_पेंग्विन | मंगळवार, रात्री १०:४०

झालं सुरू! फेडोराने २०११ ला घेतलं, डेबियन आणि उबुंटूने २०१५ ला. भांडणारे भांडून डेव्हुआन (सिस्टमडी नसलेलं डेबियन) काढून वेगळे झाले. तुम्ही अजून दारातच उभे. दिवा घ्या.

पामबीच_प्रवासी | मंगळवार, रात्री १०:४८

जुन्या पद्धतीत निदान स्क्रिप्ट उघडून वाचता यायची. आताही येते म्हणा, पण दहा युनिटं एकदम धावतात तेव्हा कोण कोणाच्या पुढे होतं ते डोळ्यांना कळत नाही. 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम'वर फार विसंबू नका. तो फक्त कोणाला किती वेळ लागला ते सांगतो, कोणामुळे कोण अडलं ते नाही. त्यासाठी 'क्रिटिकल-चेन'. ऑफिसात ब्लेमच जास्त लोकप्रिय असतो ती गोष्ट वेगळी.

साखरभात | बुधवार, सकाळी ११:१२

विषयांतर: रबाळेला स्टेशनजवळ चांगली मिसळ कुठे मिळते? पुढच्या आठवड्यात जायचंय.

घणसोलीकर | बुधवार, सकाळी ११:२०

मिसळीसाठी रबाळे? ठाण्याला उतरा, मामलेदार गाठा, डोळ्यांतून पाणी काढा, मग ट्रान्सहार्बर पकडा.

कडीपत्ता | बुधवार, सकाळी ११:२६

ती खाऊन रबाळेला गेलात तर मीटिंगमध्ये तुमचाच स्टार्ट जॉब रनिंग.

लेबलवाला | पुढचा सोमवार, सकाळी ९:४०

मंडळी, नानांचं स्लीप ९० टाकलं होतं. आज लेबलं आली! काकांना टिचकी मारावी लागली नाही. का चाललं ते कळलं नाही, पण चाललं. सगळ्यांचे आभार, नानांना एक वडापाव उधार.

जुगाडू_नाना | पुढचा सोमवार, सकाळी ९:४५

कुंजविहारचा. लहान घेणार नाही.

निरुपमा_ऐरोली | पुढचा सोमवार, सकाळी १०:३०

अभिनंदन, पण 'का ते कळलं नाही' हे मला झोपू देणार नाही.

लेबलवाला | त्याच्या पुढचा सोमवार, सकाळी ९:५२

ताई, तुमची नजर लागली. आज परत मेली. स्लीप ९० असूनही.

निरुपमा_ऐरोली | सोमवार, सकाळी १०:०५

मी काळी जीभ मान्य करते. आता नीट उत्तरं द्या.

१. तुमचं रीबूट आणि सोमवारचं बूट यात फरक काय? शनिवारी पीसी बंद कोण करतं, कसा करतं?

२. लॉग 'सिन्स टुडे'ने बघू नका. 'वजा बी'ने बघा. पहिलं तारखेने गाळतं, दुसरं बूटच्या ओळखक्रमांकाने. सुरूच झाली नाही असं तुम्ही पहिल्या पोस्टपासून धरून चाललाय. 'आज'च्या गाळणीत दिसली नाही, एवढंच सिद्ध झालंय.

लेबलवाला | सोमवार, सकाळी १०:४०

पहिल्याचं उत्तर: काकांना फोन केला. रोज संध्याकाळी ते पीसी मेनूतून शटडाउन करतात. शनिवारी त्याशिवाय जाताना मीटरशेजारचा मेन स्विच पाडतात. पावसात मागच्या भिंतीला ओल येते म्हणून जूनपासून हा नियम. मला कोणी सांगितलंच नव्हतं!

दुसरं संध्याकाळी बघतो, आत्ता माझ्याच साहेबांची मीटिंग आहे.

मंडळाचा_कार्यकर्ता | सोमवार, दुपारी १२:१८

मेन स्विच वाचल्यावर डोक्यात घंटाच वाजली. अक्षरशः.

आमच्या कोपरीच्या गणेशोत्सव मंडळात मी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) लावला होता. ठरल्या वेळी आरतीच्या आधी स्पीकरवर घंटा आणि सूचना वाजवायचा. त्या मॉडेलमध्ये घड्याळाचा सेल नसतो. बंद पडला की काळ त्याच्यापुरता गोठतो, आणि उठल्यावर डिस्कवर शेवटची लिहून ठेवलेली वेळ खरी मानून पुढे चालतो. इंटरनेट मिळालं की मग शुद्धीवर येतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मांडवातली लाइट गेली. आली पहाटे चारला. इंटरनेट काही आलं नाही. पायच्या हिशेबाने अजून संध्याकाळच. पहाटे सव्वाचारला पूर्ण आवाजात 'भाविकांनी आरतीसाठी मंडपात यावे'. समोरच्या इमारतीतले एक आजोबा सोवळं नेसून खाली आले, हो!

तुमच्या पीसीचा सेल गेला असणार. मेन चालू असतो तोवर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते, शटडाउन केलं तरी घड्याळ चालतं. मेन पाडला की फक्त सेलचा आधार. बूट झाल्यावर तारीख काय होती ते बघा.

निरुपमा_ऐरोली | सोमवार, दुपारी १२:२५

कार्यकर्ते, साष्टांग! आणि म्हणूनच 'सिन्स टुडे'मध्ये काही दिसत नव्हतं. त्या ओळी 'आज'च्या नाहीतच!

लेबलवाला | सोमवार, रात्री ९:०८

बसलोय पीसीसमोर. म्हणजे घरूनच, एसएसएचने. हात थरथरतायत. 'वजा बी'ने आजचं बूट उघडलं. अगदी वर कर्नलची ओळ: 'सेटिंग सिस्टम क्लॉक टू २०१५-०१-०१'. त्यानंतर सिस्टमडीची: 'सिस्टम टाइम बिफोर बिल्ड टाइम, अ‍ॅडव्हान्सिंग क्लॉक'. तिथून पुढच्या ओळींवर काही वर्षांपूर्वीची तारीख. आणि त्या गर्दीत माझं युनिट! सुरू झालं, नव्वद सेकंद झोपलं, मेलं. कर्लचा कोड ६, म्हणजे सर्व्हरचं नावच सापडलं नाही. पुढे थोड्या ओळींनी क्रोनीने (इंटरनेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्राम) घड्याळ एकदम आजवर आणलं. मग काकांची टिचकी.

मग स्लीप टाकायच्या आधीचा सोमवार शोधून काढला. तिथे कोड ६०.

जुनाट_युनिक्स | सोमवार, रात्री ९:३५

शाब्बास. ६० म्हणजे कर्लला सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखीचा दाखला) पटलं नाही. आता गोष्ट पूर्ण जुळते बघ. लेट्स एन्क्रिप्टसारखं ९० दिवसांचं सर्टिफिकेट असेल तर ते नुकतंच निघालेलं. तुझा पीसी काही वर्षं मागे उभा राहून म्हणतोय, 'हे सर्टिफिकेट अजून वैधच झालेलं नाही.' त्याच्या जागी बरोबरच आहे तो! जन्माच्या आधीचा जन्मदाखला कोण स्वीकारेल?

स्लीप ९० ने चाललं, कारण त्या नव्वद सेकंदांत क्रोनीने वेळ दुरुस्त केली. आज इंटरनेटचा डबा उशिरा उठला. मेन पाडल्यावर तोही थंड झालेला असतो. म्हणून नव्वद सेकंद पुरले नाहीत आणि कोड ६. त्या डब्यापर्यंतची तार मात्र जोडलेली, पत्ता मिळालेला, म्हणून नेटवर्क-ऑनलाइन खूश. मामा हॉलच्या दारात आलाय, पण चप्पल काढतोय.

एक गंमत: क्रोनी टाकताना तुझं टाइमसिंकडी (सिस्टमडीचं स्वतःचं वेळ जुळवणारं) निघून गेलं असणार. ते शेवटची वेळ डिस्कवर नोंदवून ठेवतं. ते असतं तर पीसी निदान शनिवार संध्याकाळपासून सुरू झाला असता, सर्टिफिकेट पटलं असतं, आणि हा धागाही निघाला नसता.

पूर्वी असं झालं की ईएक्सटी-थ्रीची तपासणीच ओरडायची, 'सुपरब्लॉकची शेवटची माउंट वेळ भविष्यकाळात आहे', आणि बूट तिथेच थांबायचं. त्रास व्हायचा, पण रोग पहिल्या दिवशी कळायचा.

पामबीच_प्रवासी | सोमवार, रात्री ९:५०

एक शंका. सेल मेला की बायोस बहुतेक वेळा थांबून 'तारीख चुकलीय, एफ-वन दाबा' म्हणतो. मग सोमवारी पीसी पुढे जातो कसा?

लेबलवाला | सोमवार, रात्री १०:१५

आत्ताच काकांना फोन लावला. संवाद जसाच्या तसा:

"काका, सोमवारी पीसी चालू केल्यावर काही वेगळं येतं का?"
"नाय रे. काळा पडदा येतो, इंग्रजीत कायतरी लिवलेलं असतं. मी एफ-वन दाबतो, मग होतो चालू."
"कधीपासून?"
"झाले की दोन-अडीच म्हैने."
"मला सांगितलं का नाहीत?"
"तू लेबलांचं इचारलंस. पडद्याचं कुठं इचारलंस?"

साखरभात | सोमवार, रात्री १०:१७

😂😂😂

कडीपत्ता | सोमवार, रात्री १०:१८

काकांना माझा नमस्कार सांगा. या धाग्यात सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडे होती.

आगरी_पेंग्विन | सोमवार, रात्री १०:३०

सेल बदलाच, पण स्क्रिप्टही सुधारा. स्लीप काढा. त्या जागी 'क्रोनीसी वेटसिंक' लिहा, म्हणजे घड्याळ खरोखर जुळेपर्यंत थांबेल. किती वेळा बघायचं तो आकडाही द्या, नाहीतर इंटरनेट मेलेलं असताना अनंतकाळ थांबेल. आणि कर्लला नुसतं 'वजा छोटा एस' दिलंय ना? ते चूक झाली तरी तोंड उघडत नाही. सोबत मोठा एस द्या, म्हणजे एरवी गप्प, पण मरताना कारण सांगून मरेल.

जुगाडू_नाना | सोमवार, रात्री १०:३४

माझा स्लीप अर्धा बरोबर होता, याची नोंद व्हावी. अर्धा वडापाव तरी?

निरुपमा_ऐरोली | सोमवार, रात्री १०:३६

द्या हो त्यांना. त्या स्लीपमुळेच दोन वेगळे कोड मिळाले, नाहीतर ६ आणि ६० मधला फरक दिसलाच नसता. असं लिहावं लागतंय याचं मला दुःख आहे.

नवखी_नेरूळ | मंगळवार, सकाळी ८:२०

उशिरा आले, अख्खा धागा एका दमात वाचला. पण लॉगपर्यंत पोचताच येत नसेल तर? माझा लॅपटॉप लोगोवरच अडकतो, पुढे काहीच नाही.

जुनाट_युनिक्स | मंगळवार, सकाळी ८:४५

बाळा, आधी तो लोगो घालव. ग्रबच्या यादीत 'ई' दाब, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' खोड, कंट्रोल-एक्स. मग बूट काय बडबडतंय ते दिसेल. मोबाइलवर शूटिंग कर, ओळी भराभर पळतात. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, घाबरू नकोस.

तरी अडकलं तर त्याच ओळीला 'सिस्टमडी डॉट डीबग-शेल बरोबर १' जोड. मग बाकी सगळं अडकलेलं असतानाही कंट्रोल-ऑल्ट-एफ-नाइनवर रूटचं शेल मिळतं. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स' मार, कोण कोणाची वाट बघतंय ते कळेल. फक्त हे एनेबल करून कायमचं ठेवू नकोस. त्या शेलला पासवर्ड नसतो, घरात येणारा कोणीही राजा.

नवखी_नेरूळ | मंगळवार, रात्री १०:०२

काका, दिसलं! 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', पुढे डिस्कचा लांबलचक नंबर. मागच्या महिन्यात मी स्वॅपचं पार्टिशन (मेमरी अपुरी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) परत फॉरमॅट केलं होतं, त्याचा नंबर बदलला आणि एफएसटॅबमध्ये जुनाच राहिला. आणि मी दर वेळी मिनिटभर वाट बघून बटण दाबून बंद करत होते. अजून तीस सेकंद थांबले असते तर आपोआप पुढे गेला असता.

घणसोलीकर | मंगळवार, रात्री १०:०५

एफएसटॅबपीडितांच्या संघात स्वागत आहे.

लेबलवाला | पुढचा सोमवार, सकाळी ९:२०

शनिवारी स्वतः रबाळेला गेलो. पीसी उघडला. सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. मीटर लावला तर अर्धा व्होल्टही दाखवेना. नवा गोखले रोडवरच्या घड्याळवाल्याकडून नेला होता, चाळीस रुपये. तारीख लावली, वेटसिंक टाकलं, काकांना समोर उभं करून मेन स्विच पाडला, दहा मिनिटं चहा घेतला, परत चालू केला. काळा पडदा नाही. लेबलं आली.

आज खरी परीक्षा होती. पावणेनऊला काकांचा फोन: "एफ-वन दाबायला बसलो तर इचारलंच नाय त्याने. बिघडला का?"

म्हटलं नाही, सुधारला.

शनिवारचा जुना सेल त्यांनी खिशात टाकलाय. वजनकाट्याला बसेल म्हणाले.

जुगाडू_नाना | पुढचा सोमवार, सकाळी ९:२४

काट्याला तो बसला की मसाला स्वस्त होणार. पत्ता द्या.

निरुपमा_ऐरोली | पुढचा सोमवार, सकाळी ९:३१

लेबलवाले, आजच्या आज जाऊन तो सेल काढून घ्या. नाहीतर पुढच्या महिन्यात 'वजन फक्त मंगळवारी चुकतं' असा धागा येईल.